‘मजुरी’ या शब्दापाशी थांबलेली तपासणी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात विद्यार्थिनी २०६ हाडांची नावे पाठ करते. मांडीच्या हाडावरचे उंचवटे, मनगटातली आठ लहान हाडे, मानेचे सात, पाठीचे बारा आणि कंबरेचे पाच मणके, सारे तिला परीक्षेपुरते तरी येत असते. पुढे अस्थि-स्नायू संस्थेची तपासणी शिकवतात तेव्हा समोर वर्गमैत्रीण उभी असते. तिची मान चारी बाजूंना सहज वळते, गुडघे पूर्ण दुमडतात, दोन्ही मुठींचा जोर सारखा भरतो आणि वहीत ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. हीच विद्यार्थिनी भिवंडीत, उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा एखाद्या नागरी आरोग्य केंद्रात, टेबलाशी बसते तेव्हा समोरचा माणूस रात्रभर यंत्रमागावर उभा राहून आलेला असतो, नाहीतर काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामात दिवसभर ट्रक खाली करून. ‘सिस्टर, कमर में चिलक मारती है,’ एवढेच तो सांगतो. केस पेपरवर वय, पत्ता, तक्रार लिहून होते आणि धंद्याच्या रकान्यात एक शब्द पडतो : मजुरी. आमचे म्हणणे त्या एका शब्दाविषयी आहे. त्याने रकाना भरतो, पण तपासणी जिथून सुरू व्हायला हवी तिथेच ती थांबते.

मोदेना आणि पुढे पादुआ इथे वैद्यक शिकवणारे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? हा प्रश्न आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. अडचण उत्तराची आहे, कारण भिवंडीत ‘माग’ किंवा ‘गोदाम’ म्हटल्याने शरीराविषयी फारसे काही कळत नाही. एकाच कारखान्यात किती वेगवेगळी शरीरे घडतात पाहा. विणकर एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. तो दोन रांगांमधल्या अरुंद बोळातून बारा-बारा तास फेऱ्या मारतो आणि धागा तुटला की मागावर ओणवा होऊन, दोन्ही हात लांब करून, फणीतून तो ओढून गाठ मारतो. मजुरी कापडाच्या मापावर असल्याने ही हालचाल संथपणे करणे त्याला परवडत नाही. कांडी भरणारा किंवा भरणारी बसून असते. तिची बोटे आणि मनगट दिवसभर तेच वळण घेतात. बीम चढवणारे एकदम मोठा जोर लावतात, मग बराच वेळ काही नाही. ताके आणि गाठी वाहणारा हमाल भार पाठीवर किंवा डोक्यावर घेतो. जॉबर मागाखाली शिरून वाकड्या अंगाने पाना फिरवतो. या पाचही जणांच्या केस पेपरवर ‘मजुरी, कंबरदुखी’ लिहिले, तर पाच वेगळ्या माणसांची एकच नोंद होते आणि पाचांनाही तीच वेदनाशामक गोळी मिळते.

कामाची हालचाल कळली की पाठ केलेली शरीररचना उपयोगाला येऊ लागते. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला होता. सरळ उभे असताना जितका दाब, त्याच्या सुमारे दीडपट थोडे पुढे वाकल्यावर, असे त्यांच्या मोजमापांत दिसले. मागावर ओणवे होणे म्हणजे हेच, शिफ्टमध्ये असंख्य वेळा. उचलण्याचे गणित याहून कठोर आहे. पाठ ताठ धरणाऱ्या स्नायूंची ओढ मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर लागते. हातातली ५० किलोची गोणी मणक्यापासून ४० सेंटीमीटर पुढे असेल, तर धडाचे वजन सोडून दिले तरी त्या स्नायूंना आठपट, म्हणजे ४०० किलोइतका जोर लावावा लागतो. तीच गोणी पोटाशी घेतली की हा आकडा बराच खाली येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा होती. अमेरिकेच्या निओश या संस्थेने १९९१ साली उचलण्याचे जे सूत्र सुधारले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोच धरले आहेत. हमालाला ‘वजन उचलू नका’ असे सांगणारी परिचारिका त्याला काहीच सांगत नसते. गोणी कुठून उचलता, किती उंचीवर ठेवता, उचलून वळता की पावले टाकून फिरता, हे विचारणारी मात्र त्याला पाळता येईल असे काहीतरी सांगू शकते.

तपासणीच्या पद्धतीलाही हे लागू आहे. ब्रिटनमध्ये १९९२ साली गॅल्स नावाची छोटी चाचणी मांडली गेली : चाल, हात, पाय आणि कणा. तिच्या आधी तीन प्रश्न असतात. स्नायू, सांधे किंवा पाठीत दुखते अथवा आखडते का, कपडे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. चाचणी उत्तम आहे आणि तीन-चार मिनिटांत होते. पण तिचे प्रश्न तिथल्या जगण्यातून आले आहेत. लुंगी आणि बनियन घालणाऱ्याला कपड्यांची अडचण उशिरा जाणवेल. त्याला विचारायला हवे की संडासाला उकिडवे बसता येते का, जेवायला मांडी घालता येते का, नमाजात सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का. उकिडवे बसून आधाराविना उठला, तर घोटा, गुडघा, खुबा आणि मांडीचे मोठे स्नायू एका हालचालीत तपासले जातात. जोर मोजण्याची शून्य ते पाच ही श्रेणीही अशीच जपून वापरावी लागते. हमालाचा पाय परिचारिकेच्या हाताला सहज पुरून उरतो. त्या पायाचा निम्मा जोर गेला असला तरी तिला तो ‘पाच’च वाटेल. म्हणून त्याला टाचांवर चालायला सांगावे, मग एका पायावर उभे राहून दहा वेळा टाच उचलायला सांगावे. टाचांवर चालताना पाऊल पडत असेल, तर कंबरेच्या पाचव्या मज्जामुळाचा संशय घ्यावा; टाच उचलताना पाय लवकर थकत असेल, तर त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाचा. इथे प्रतिकार परिचारिकेचा हात करत नाही, रुग्णाचे स्वतःचे वजन करते आणि ते खोटे बोलत नाही.

वेदनेच्या शब्दांकडेही आपले दुर्लक्ष होते. शून्य ते दहा या पट्टीवर आकडा लिहिण्याची सवय चांगली असली तरी आकडा वेदनेचा पोत सांगत नाही. मराठीत कळ, ठणका, चमक, उसण, रग, ओढ, मुंग्या असे शब्द उगीच वेगळे झालेले नाहीत. दिवसभराच्या कामाने रग लागते, ती बहुधा स्नायूंची. वाकताना उसण भरते आणि माणूस तसाच अडकतो. चमक नितंबातून पोटरीपर्यंत धावली की मज्जामुळाकडे बोट जाते. रात्री, काम नसतानाही ठणकणारे हाड अधिक काळजीचे. भिवंडीतला उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार याच गोष्टी चिलक, टीस, झनझनाहट, अकड़न अशा शब्दांत सांगतो. तेलुगू बोलणाऱ्या विणकराकडे त्याचे स्वतःचे शब्द असतील. केस पेपरवर रुग्णाचाच शब्द त्याच्या भाषेत लिहावा. भाषांतर करून ‘पेन’ लिहिले की निम्मी माहिती गळून पडते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की निदान डॉक्टरांचे आणि सांध्यांची बारीक तपासणी फिजिओथेरपिस्टचे काम. परिचारिकेने त्यात का शिरावे? निदान तिचे काम नाही, हे मान्य. पण अस्थि-स्नायू संस्थेतले काही बिघाड असे आहेत की ते डॉक्टरांच्या राउंडची वाट पाहत नाहीत. नडगीचे हाड मोडलेल्या, प्लास्टर घातलेल्या रुग्णाच्या पोटरीतला दाब वाढत गेला, तर सुमारे सहा तासांत स्नायूंची हानी कायमची होऊ लागते. रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णिलेला वाकडा पडलेला हात हा अशाच वेळ गेलेल्या अवयवाचा शेवट होता. या बिघाडाच्या पाच-सहा लक्षणांची यादी विद्यार्थिनी पाठ करतात, पण त्यातली नाडी बंद पडणे ही फार उशिराची खूण आहे. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे ही घातक चूक. दुखापतीच्या मानाने न शोभणारी, औषधाला दाद न देणारी वेदना आणि पायाची बोटे हलकेच ताणल्यावर उठणारी किंकाळी, ही खरी पहिली खबर. रात्री दोन वाजता ती कोणाला मिळते? भिवंडीने २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळताना पाहिली. सुमारे चाळीस माणसे गेली. अशा ढिगाऱ्याखालून निघालेला माणूस कधी बोलत, पाणी मागत बाहेर येतो. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत सापडलेल्या अशाच रुग्णांचे निरीक्षण करून एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ साली दाखवून दिले की चिरडलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडते. लघवी चहाच्या रंगाची होणे ही त्याची खूण, आणि लघवीचे भांडे पाहणारी व्यक्ती परिचारिकाच असते. ‘किती तास दबलेला होता, कोणता अवयव?’ हा तिचा प्रश्न ‘काम काय करता?’ याच जातीचा आहे. शरीरावर कोणता भार किती वेळ पडला, हे दोन्हींत विचारलेले असते.

दुसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो अधिक खरा आहे. एका सकाळी शेकडो केस पेपर, दोन सिस्टर, त्यात लसीकरण आणि रजिस्टरे. तीन मिनिटे तरी कुठून आणायची? सगळ्यांना नाही देता येणार. म्हणून आधी कोणाला वेगळे काढायचे हे ठरलेले असावे. कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत वाढता अशक्तपणा असेल, तर तो रुग्ण रांगेत थांबता कामा नये. काही आठवड्यांचा ताप, उतरते वजन, रात्रीचा ठणका आणि मणक्यावर बोट दाबताच एकाच जागी दुखणे, हे दाटीवाटीच्या वस्तीतून, एका खोलीत अनेक कामगार राहतात अशा ठिकाणाहून आलेल्या रुग्णात दिसले, तर मणक्याच्या क्षयाचा विचार व्हायलाच हवा. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली वर्णिलेला हा आजार वेळेत सापडला तर औषधांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर पाठीला पोक येते आणि पाय जातात. ‘मागावर उभा राहतो, कंबर दुखणारच’ असे म्हणून कामाच्या नावावर क्षय झाकला जाणे हा आमच्याच युक्तिवादातला धोका आहे, तो नाकारता येत नाही. काम विचारायचे ते वेदनेचे कारण गृहीत धरण्यासाठी नव्हे; कामाशी वेदना जुळते की नाही हे पाहण्यासाठी. सुटीच्या दिवशी, गावी महिनाभर राहूनही न थांबलेली वेदना कामाशी जुळत नाही. तीच बातमी मोठी.

याच ठिकाणी बायकांचा प्रश्न येतो. बंद खोलीत धागे कापण्याचे, शिवणाचे काम करणाऱ्या, ऊन अंगावर क्वचितच घेणाऱ्या स्त्रीच्या ‘सगळे अंग दुखते’ या तक्रारीला अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिले जाते. जमिनीवरून उठताना तिला मांडीवर हात टेकावे लागतात का, ती डुलत डुलत चालते का, नडगीवर आणि बरगड्यांवर दाबले की दुखते का, एवढे पाहिले तर ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ पडलेली हाडे लक्षात येऊ शकतात. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसेलच असे नाही. पडदा ओढून, बुरखा बाजूला ठेवायला सांगून ही तपासणी परिचारिका जितक्या सहज करू शकते, तितकी दुसरे कोणी नाही.

राहतो तो सर्वांत निराश करणारा आक्षेप : नोंद केली म्हणून काय होणार? माग थांबणार नाही, मीटरचा भाव वाढणार नाही. लगेच होणार नाही, हे खरे. पण ज्या शहरात लाखो माग चालतात तिथल्या दवाखान्यांच्या रजिस्टरांत विणकर, कांडीवाला, हमाल, पॅकिंगवाली असे शब्दच नसतील, तर कोणत्या कामाने कोणता सांधा जातो हे कधीच मोजता येणार नाही, आणि न मोजलेल्या दुखण्यासाठी कोणाकडे काही मागता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१-२२ पासूनच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात आरोग्य-तपासणीला स्वतंत्र जागा मिळाली आहे. चौकट आली, आत काय भरायचे ते शिकवणाऱ्यांच्या हाती आहे. ठाणे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमधला एक दिवस मागांच्या कारखान्यात आणि एक गोदामात घालवावा, अशी आमची विनंती आहे. विद्यार्थिनींनी तिथे बीपी मोजत बसू नये. एक विणकर निवडावा आणि तासभर फक्त पाहावे : तो किती वेळा ओणवा होतो, कोणता खांदा वर जातो, कोणत्या पायावर भार टाकतो, पाणी प्यायला कधी थांबतो. मग त्याच्या परवानगीने, शिफ्ट सुटल्यावर, त्याला टाचांवर चार पावले चालायला सांगावे.