विश्लेषण : ‘कॅट’ची तयारी मित्रांसोबत की एकट्याने? स्पर्धकच अभ्यासाचे सोबती असतील तर फायदा कोणाचा?

एमबीए प्रवेश परीक्षेत गुणांपेक्षा क्रमांकाला महत्त्व असते. म्हणजे शेजारी बसून अभ्यास करणारा मित्र कागदोपत्री स्पर्धकही असतो. तरीही दरवर्षी हजारो विद्यार्थी गट करून तयारी करतात. या गटाचा उपयोग नेमका कुठे होतो, कुठे होत नाही आणि तो अनेकदा नको त्या वेळी का फुटतो, याविषयी…

‘कॅट’ काय आहे?

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या (आयआयएम) पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ‘कॉमन अ‍ॅडमिशन टेस्ट’ म्हणजे ‘कॅट’ घेतली जाते. एखादी आयआयएम आळीपाळीने परीक्षेची जबाबदारी घेते. नोव्हेंबरअखेरच्या एका रविवारी तीन सत्रांत ही संगणकीय परीक्षा होते. मुंबई आयआयटीची व्यवस्थापन शाळा, मुंबईतील एस. पी. जैन संस्था, दिल्लीची एफएमएस अशा इतर नामवंत संस्थाही ‘कॅट’चे गुण ग्राह्य धरतात.

२०२४च्या परीक्षेत ६८ प्रश्न होते. इंग्रजी आकलनाचे २४, माहिती विश्लेषण व तर्क (डीआयएलआर) यांचे २२ आणि गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा होतो. ज्या प्रश्नांत उत्तर टाइप करायचे असते, तिथे चुकीबद्दल गुण जात नाहीत.

मित्र पुढे गेला तर आपले नुकसान होते का?

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के उमेदवार तुमच्या मागे आहेत, हे पर्सेंटाइल सांगते. ‘कॅट २०२४’साठी सुमारे ३.२९ लाख उमेदवारांनी नोंदणी केली होती, त्यांपैकी सुमारे २.९३ लाखांनी प्रत्यक्ष परीक्षा दिली. या संख्येवर एक पर्सेंटाइल म्हणजे जवळपास २,९३० उमेदवार. निकालात पर्सेंटाइल दोन दशांश स्थळांपर्यंत दिले जाते. त्यातला ०.०१ हा सर्वांत लहान फरकसुद्धा २९ उमेदवारांचा असतो.

आता पाच जणांचा गट धरा. एकत्र अभ्यासामुळे उरलेले चौघेही तुमच्या पुढे गेले, तर तुमचे पर्सेंटाइल ०.००१४ इतके घसरेल. निकालपत्रावर हा फरक बहुधा दिसणारही नाही. उलट गटामुळे दोन प्रश्न जास्त बरोबर आले किंवा दोन चुका टळल्या, तर काही हजार उमेदवार मागे पडू शकतात. त्यामुळे मित्रापासून नोट्स लपवणे, त्याला चांगला प्रश्न न सांगणे याला हिशेबाच्या अंगाने काही अर्थ उरत नाही.

मग गटाचा खरा उपयोग कुठे?

‘कॅट’मध्ये ९९ पर्सेंटाइलसाठी सर्व प्रश्न सोडवावे लागत नाहीत. अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी गुणांवरही ते मिळाले आहे. म्हणून कोणता प्रश्न घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हा निर्णय प्रश्न सोडवण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला स्वतःचे उत्तर चुकले हे उत्तरतालिकेतून कळते. मात्र तो प्रश्न हाती घेणेच चूक होते, हे त्यातून कळत नाही.

डीआयएलआरचे उदाहरण पाहा. समजा, सराव परीक्षेत (मॉक) प्रश्नांचे पाच संच आहेत. एकाने पहिली पाच मिनिटे केवळ वाचण्यात घालवून तीन संच निवडले आणि त्यातील १३ प्रश्न अचूक सोडवले. त्याचे ३९ गुण झाले. दुसऱ्याने पाचही संचांना हात घातला, १८ उत्तरे दिली, पण त्यातली नऊच बरोबर आली. सर्व प्रश्न बहुपर्यायी असतील तर त्याचे २७ वजा ९, म्हणजे १८ गुण होतात. दोघांना विषय सारखाच येत असू शकतो. फरक निवडीचा आहे आणि तो दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्यावरच डोळ्यांत भरतो.

इंग्रजी उताऱ्यांबाबतही तसेच. चारपैकी दोन पर्याय सहज बाद होतात, उरलेल्या दोनांत घोळ होतो. ‘हा पर्याय का नाही?’ हे दुसऱ्याला पटवून देताना आपल्या वाचनातील ढिलाई उघड होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी ही चर्चा मराठीत करण्यास काहीच हरकत नाही. फक्त पर्यायातील नेमका शब्द कोणता आणि उताऱ्यातील कोणत्या वाक्याशी तो जुळत नाही, हे मूळ इंग्रजीत बोट ठेवून दाखवावे.

संशोधन काय सांगते?

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९०च्या दशकात वर्गात एक पद्धत रुजवली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि पुन्हा उत्तर द्यायचे. याच पद्धतीवर कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास २००९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चर्चेनंतर विद्यार्थ्यांना त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला असता त्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. सुरुवातीला गटातील कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हते, अशा ठिकाणीही चर्चेचा फायदा झाला.

यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकट्याने, मग गटात आणि शेवटी पुन्हा एकट्याने. बहुतेक अभ्यासगटांत पहिली आणि शेवटची पायरी गळते. कोणीतरी फळ्यावर गणित सोडवतो, बाकीचे मान डोलावतात आणि सगळ्यांना ते आल्यासारखे वाटते. आठवड्याने तेच गणित समोर आले की हात अडतो. म्हणूनच गणिताचा सराव, शब्दसंग्रह, रोजचे वाचन ही कामे गटात करण्याची नाहीत.

गट कसा चालवावा?

चार ते सहा जण पुरेसे असतात. सर्वांनी एकच मॉक ठरलेल्या वेळी, पण स्वतंत्रपणे द्यावी. निकाल पाहण्याआधी सुटलेले आणि चुकलेले प्रश्न वेळेचे बंधन न ठेवता एकदा स्वतः सोडवून पाहावेत. त्यानंतरच भेटावे. भेटीत प्रत्येक विभागासाठी तीनच गोष्टी मांडाव्यात : कोणते प्रश्न घेतले, कोणते सोडले आणि कुठे वेळ गेला.

खर्च वाचवण्यासाठी चौघांत मिळून एकाच खात्यावर मॉक देण्याचा मार्ग अनेक जण काढतात. त्यातून प्रत्येकाचे स्वतःचे विश्लेषण हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने कमी मॉक घ्याव्यात, पण त्यांची चिरफाड पूर्ण करावी. नोकरी करणाऱ्यांना किंवा लहान गावातून तयारी करणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटणे शक्य नसते. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक ठरलेला व्हिडीओ कॉल दिवसभर वाजणाऱ्या टेलिग्राम ग्रुपपेक्षा उपयोगी ठरतो. शेकडो सदस्यांच्या अशा ग्रुपवर इतरांचे गुण वाचण्यातच बराच वेळ जातो.

परीक्षेच्या दिवशी काय टाळावे?

सकाळचे सत्र संपताच ‘काय आले?’ असे मेसेज सुरू होतात. तिन्ही सत्रांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात, त्यामुळे दुपारच्या मित्राला त्याचा लाभ नाही. शिवाय परीक्षेचा मजकूर उघड न करण्याची अट उमेदवारांनी मान्य केलेली असते. तिचा भंग अंगाशी येऊ शकतो. सत्रांची काठिण्यपातळी सारखी करण्यासाठी गुणांचे समानीकरण होते. म्हणून वेगवेगळ्या सत्रांत बसलेल्या मित्रांनी मूळ गुणांची तुलना करून आनंद किंवा दुःख करण्यात हशील नाही.

सीईटीसाठी हाच गट चालेल का?

चालेल, पण पद्धत बदलावी लागेल. महाराष्ट्राच्या एमबीए/एमएमएस सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. त्यात ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे परवडत नाही. इथे दीर्घ चर्चेपेक्षा घड्याळ लावून सोडवलेले छोटे संच आणि ‘हे तू कमी वेळात कसे केलेस?’ हा प्रश्न अधिक कामाचा. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी जागा मोजक्या असल्याने अगदी वरच्या क्रमांकांवर मित्रा-मित्रांत थेट स्पर्धा होऊ शकते. मात्र ती गटातील सर्वच जण त्या टोकाला पोहोचले तरच.

गट फुटतो कधी?

बहुतेक गट निकालाच्या दिवशी विरतात. आयआयएम मुलाखतीला बोलावताना केवळ ‘कॅट’ पाहत नाहीत. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव, तसेच अनेक ठिकाणी लिंगविविधता आणि शाखाविविधता यांनाही भार असतो. त्याचे प्रमाण संस्थेगणिक बदलते. त्यामुळे ९८ पर्सेंटाइलच्या वाणिज्य पदवीधर मैत्रिणीला बोलावणे येते आणि ९९वाल्या अभियंत्याला येत नाही, असे घडू शकते. हे निकष संस्थांच्या संकेतस्थळांवर आधीच जाहीर झालेले असतात. ते गटाने एकत्र बसून वाचले, तर डिसेंबरमध्ये एकमेकांवर राग निघणार नाही.

वास्तविक गटाची गरज त्यानंतर वाढते. मुलाखत आणि लेखी अभिव्यक्ती चाचणीची तयारी एकट्याने करणे कठीण असते. ‘एमबीए कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर किती पोकळ आहे, हे समोरचाच सांगू शकतो. सगळेच अभियंते असलेल्या गटाने या टप्प्यावर वाणिज्य, कला किंवा विधी शाखेच्या एखाद्याला सामील करून घ्यावे, म्हणजे अनपेक्षित प्रश्न विचारणारे कोणी मिळेल. ज्यांना कुठूनच बोलावणे आले नाही, त्यांच्यासमोर त्याच काळात सीईटी असते. गट टिकला तर एकाच आठवड्यात एका संध्याकाळी सराव मुलाखत आणि दुसऱ्या संध्याकाळी सीईटीचा संच, असे दोन्ही करता येते.