खेळ त्याने सोडला

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याने फुटबॉल सोडला. कॉलेजचं दुसरं वर्ष. "अम्मी, आता नाही खेळणार," एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. गुडघा दुखतोय का, सर काही बोलले का? तसं काहीच नव्हतं. म्हणे, मजा येत नाही.

आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की इथं दुसरा विषय नसतो. भाजीवालीनंही विचारलं, पोरगं दिसत नाही ग्राउंडवर? "अभ्यास आहे," म्हणाले. खोटंच ते.

7 वर्षं रात्री चणे भिजत घालायचे, फजरनंतर त्याला उठवून धाडायचं, चिखलाचे मोजे घासायचे. त्याच्या अब्बांनी एकदा रिक्षाचा हप्ता मागे ठेवून बूट आणले होते. तेच मी त्याला ऐकवलं. तो ताटावरून उठला. दोन दिवस घरात सलामापुरतं बोलणं. बहिणींनो, ते बूट मी मध्ये आणायला नको होते.

तिसऱ्या रात्री सवयीने पुन्हा चणे भिजत घातले आणि रडू आलं. हे म्हणाले, "खेळ त्याने सोडला, तू का रडतेस?" खरं सांगू? ग्राउंडच्या कडेला आम्ही चार आया बसायचो. घरचं, सासरचं, सगळं तिथंच बोलून व्हायचं. माझं तेच बंद झालं होतं.

सकाळी चण्यांची उसळ केली. त्याने दोनदा वाढून घेतली. रविवारी त्या तिघींना चहाला बोलावलंय.