एक वचन उचलायचं आणि तान्ह्या बाळाला दोषी ठरवायचं?

पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. अर्धवट वाचण्याबद्दलच लिहितोय.

आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. प्रत्येक मूल जन्मतःच दोषी, बाप्तिस्म्याआधी गेलं तर नरकात. पुरावा म्हणून खाली दोन संदर्भ: स्तोत्र ५१:५ आणि रोमकरांस पत्र ५:१२. त्याखाली 'आमेन'ची रांग. आमेन म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडून तो अध्याय वाचला?

चला, उघडूया.

स्तोत्र ५१. शीर्षकातच प्रसंग दिलाय. दाविदाने उरियाची बायको घेतली, उरियाला लढाईत पुढे घालून ठार करवलं आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं, तेव्हाचा हा आक्रोश आहे. आईच्या पोटापासूनच मी पापी, असं तो स्वतःबद्दल म्हणतो. खुनाची टोचणी लागलेल्या माणसाची ही कविता आहे, बाळांवरचं आरोपपत्र नाही. अक्षरशःच घ्यायचं तर स्तोत्र २२ चं काय करणार? तेही दाविदाच्याच नावावर आहे आणि तिथे आईच्या अंगावर पीत असल्यापासून देवावर भरवसा असल्याचं म्हटलंय. एक ओळ घ्यायची, दुसरी सोडायची, हे वचन वाचणं नव्हे, वेचणं झालं.

बरं, याच प्रसंगात, २ शमुवेल १२ मध्ये, दाविदाचं तान्हं मूल मरतं. नाथान त्याचं कारण दाविदाचं पाप सांगतो. मूल पापी होतं असं कुणीही म्हणत नाही. दावीद उठतो, अंघोळ करतो, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन करतो आणि आपणच एक दिवस त्या बाळाकडे जाणार, असं म्हणतो. स्तोत्र ५१ बाळांविरुद्ध वापरणाऱ्यांना हा अध्याय का दिसत नाही?

आता रोमकरांस पत्र ५:१२. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ असा, की मरण सगळ्यांपर्यंत आलं, कारण सगळ्यांनी पाप केलं. आपल्या मराठी भाषांतरातही कारणच दिलंय. जुन्या लॅटिन भाषांतरात मात्र ते 'ज्याच्यामध्ये सगळ्यांनी पाप केलं' असं वाचलं गेलं, म्हणजे आदामाच्या आत. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याची ग्रीक कच्ची होती आणि त्याने या वाचनावर मोठा भार टाकला. 'ध'चा 'मा' झाला तो असा. ग्रीकमधून वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही म्हणतात की आदामाकडून मरण आणि दुबळेपणा आला, त्याचा दोष आला नाही.

कुणी म्हणेल, त्याच अध्यायात पुढे एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरल्याचं आहे ना? आहे. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढच्या अर्ध्यात ख्रिस्ताच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतात आणि पौलाचा सगळा जोर त्या अर्ध्यावर आहे. आदामाचं सगळ्यांना आपोआप लागू आणि ख्रिस्ताचं मात्र पाण्याची वेळ चुकली की रद्द, हा हिशेब कुणी शिकवला?

लगेच मला पेलागियसच्या रांगेत उभं करू नका. माणूस कृपेवाचून स्वतःच्या बळावर नीट होईल, हे म्हणणं ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने नाकारलं आणि कृपेबाबत ते बरोबरच होतं. आपण बिघडलेल्या जगात जन्मतो, मन पापाकडे झुकतं, हे मलाही मान्य. पण आजार वारशाने येतो, गुन्हा येत नाही. यहेज्केलचा १८ वा अध्याय याच मुद्द्यावर उभा आहे. बापाचा अपराध मुलाच्या खात्यावर नाही.

कॅथलिक बांधवांनो, तुमच्या १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही मूळ पाप ही अवस्था आहे, बाळाचा वैयक्तिक अपराध नव्हे, असं स्पष्ट सांगितलंय. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार असल्याचं मांडलं. मग हा मेसेज नेमका कुणाचा?

हे पुस्तकी भांडण असतं तर लिहिलंच नसतं. आमच्या भागात एका घरी दोन दिवसांचं बाळ गेलं. दफनाच्या वेळी एका शहाण्याने हेच मत आईला ऐकू जाईल अशा आवाजात मांडलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती बाई त्यानंतर उपासनेला आलेली नाही.

आणि गंमत बघा. एखादी शेजारीण अपंग मुलाकडे बघून 'मागच्या जन्मीचं भोगतोय' म्हणाली की आपल्याला योहान ९ लगेच आठवतो. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं? येशूने सांगितलं, ना त्याचं, ना आईबापाचं. हे आपण तिला अभिमानाने ऐकवतो. मग आपल्याच बाळाच्या शवपेटीजवळ जन्माचं पाप कुठून काढतो? मागचा जन्म काढून आदाम घातला, एवढाच फरक ना?

पटत नसेल तर कमेंटमध्ये जरूर वाद घाला. अट एकच. ज्या वचनाचा संदर्भ द्याल, त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचून या. पाळकांनाही हीच विनंती, जरा जास्त आदराने.

आणि तान्हं गेलेल्या घरी जाल तेव्हा गप्प बसता आलं तर बसा. बोलायचंच असेल तर मार्कचा १० वा अध्याय वाचून जा. तिथे बाळांना येशूकडे आणताना येशू रागावलाय, पण बाळांवर नाही, त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर.