चौकटीतला निःशब्द रॉक

जुन्या रॉक अँड रोल मैफलींची छायाचित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याची हौस पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुळली आहे. माँटेरीत १९६७ साली पेटत्या गिटारपुढे गुडघे टेकलेला जिमी हेंड्रिक्स, न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली बेस गिटार आपटणारा ‘द क्लॅश’चा पॉल सायमनन, पवनचक्कीसारखा हात फिरवणारा ‘द हू’चा पीट टाउनशेंड. अशी चित्रे विकत घेणाऱ्यांत तेव्हा तरुण असलेले असतात, तसे तेव्हा जन्मलेही नसलेले असतात.

या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. स्मरणरंजनाला एकेकाळी चक्क रोग मानत. योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ मध्ये आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो घरापासून दूर राहणाऱ्या स्विस तरुणांच्या झुरणीसाठी. आज मानसशास्त्र उलट सांगते. गोड आठवणींमुळे एकटेपणा हलका होतो, माणसांशी जोडलेले असल्याची भावना वाढते. साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग आणि गाणी माणसाला उतारवयातही सर्वांत ठळक आठवतात. त्या वयातले चित्र रोज डोळ्यांसमोर असेल तर चांगलेच.

माझा आक्षेप वेगळा आहे. छायाचित्राला आवाज नसतो. त्यामुळे या आठवणीतला अर्धाच भाग भिंतीवर लागतो, आणि आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा अर्धा गाळला जातो.

३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर ‘द हू’चा आवाज ध्वनिक्षेपकांपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुढे गिनेसने हा प्रकारच बंद केला, कारण असा विक्रम म्हणजे बहिरेपणाला उत्तेजन. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. दर तीन डेसिबल वाढीमागे हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

त्या चित्रांतल्या माणसांनी ही किंमत मोजली आहे. टाउनशेंडने आपल्या कानांतल्या कायमच्या गुणगुणीबद्दल अनेकदा सांगितले, आणि हेडफोनबद्दल तरुणांना सावधही केले. एरिक क्लॅप्टनने २०१८ मध्ये ऐकू कमी येत असल्याचे जाहीर केले. बहिरेपणाच्या धोक्यामुळे ‘एसी/डीसी’च्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

हे आपल्यापासून दूरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांना मोठ्या आवाजात गाणी ऐकण्याच्या सवयीमुळे कायमच्या बहिरेपणाचा धोका आहे. मैफलींच्या ठिकाणी सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस संघटनेने २०२२ मध्ये केली. गिटारची भिंत असो की मिरवणुकीतल्या डीजेची, केसपेशींना त्यातला फरक कळत नाही.

उपाय अवघड नाहीत. मैफलीला जाताना कानात घालायचे बोळे खिशात ठेवा. आवाज दबतो, संगीत हरवत नाही. ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहा, अधूनमधून बाहेर पडा. हेडफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास असू द्या. मैफलीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती मजेची खूण नव्हे, इजेची आहे. ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर श्रवणचाचणी करून घ्या. अचानक ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. उशीर महागात पडतो.

चित्र मात्र खुशाल लावा. घरातल्या मुलांनी विचारले तर हेंड्रिक्सची पेटलेली गिटार सांगा, आणि त्या पिढीतल्या कित्येकांना आज आपलीच गाणी नीट ऐकू येत नाहीत, हेही सांगा. आठवण पूर्ण सांगितली तरच पुढच्या पिढीच्या कामी येते.