नंबर न लावता मांडा

ढालीवरचा लाल रंग वाळला असेल असं समजून मी ती उचलली आणि उजव्या अंगठ्याचा अख्खा ठसा तिच्यावर उमटला. खरेदीखतावरही इतका स्वच्छ उठत नाही. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते. नवरा म्हणाला, "घासून काढ, परत रंगव." मुलगा म्हणाला, "आई, एअरब्रश घे ना एकदाचा." दोघांचंही बरोबर होतं. मी कुणाचंच ऐकलं नाही.

मी मूळची पेणची. अकरा वर्षं झाली, जपानात हमामात्सूला राहते. नोकरी मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करण्याची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या करायच्या. वय ४७, छंद प्लास्टिकचे यंत्रमानव रंगवण्याचा. हे सांगितलं की गावाकडचा माणूस हमखास विचारतो, "मुलासाठी का?" मुलगा कॉलेजात आहे आणि त्याला यात काडीचाही रस नाही.

यंत्रमानव म्हणजे गुंडम. १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर 'मोबाइल सूट गुंडम' ही मालिका आली. पहिल्या खेपेला ती चालली नाही, ठरल्यापेक्षा आधीच ४३ भागांत गुंडाळली. ती संपल्यावर, १९८० च्या जुलैत, बांदाई कंपनीने तिच्यातल्या पांढऱ्या यंत्रमानवाचं जोडायचं किट काढलं. किंमत ३०० येन. मालिकेत तो १८ मीटर उंच, किट १:१४४ प्रमाणाचं, म्हणजे टेबलावर साडेबारा सेंटिमीटर. पुढे पोरांनी दुकानांपुढे रांगा लावल्या, आणि मालिकेला जे जमलं नाही ते त्या डब्याने करून दाखवलं.

आजच्या किटमध्ये प्रत्येक भाग आपापल्या रंगाच्या प्लास्टिकमध्येच येतो. निपरने कापायचा, दाबायचा, टक्‌ आवाज आला की बसला. गोंद नको, रंग नको. मी घेतलं ते जुनं किट, अजून मिळतं. सगळे भाग एकाच रंगाचे. गोंदाने चिकटवायचे, सांध्याची रेघ दिसते तिथे लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायची, आणि रंग सगळा आपला आपण द्यायचा. गुडघे बेताचेच वाकतात. नव्या किटशेजारी ठेवला तर तो पुतळ्यासारखा दिसतो, पण पुतळा रंगवणं मला येतं.

पेणला आमच्या घराला लागूनच काकांचा गणपतींचा कारखाना. शाळा सुटली की दप्तर घरात फेकून आम्ही पोरं तिथेच. आधी पॉलिश पेपर हातात मिळायचा. मग एखाद्या वर्षी पाट रंगवायला, मग उंदीर, मग पीतांबराचा काठ. डोळ्यांना ब्रश लावायला मला सोळावं वर्ष उजाडावं लागलं. त्या कामाला आखणी म्हणतात. मूर्तीचं अंग आता कॉम्प्रेसरच्या गनने भराभर मारून होतं, पण आखणीला गन चालत नाही. काका आखणीला बसले की रेडिओ बंद, पंखा बंद. ब्रशचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे, श्वास सोडायचे आणि पुढचा घ्यायच्या आत रेघ ओढून मोकळे व्हायचे.

तीच युक्ती मी इथे वापरते. गुंडमचं डोकं करंगळीच्या पेराहून लहान. त्यात डोळे म्हणजे काळ्या खाचेत पिवळे दोन थेंब, खाली तांबडी कड. डोळा अर्धा मिलिमीटर सरकला तरी हा योद्धा झोपेतून उठल्यासारखा दिसतो. माझा तीनदा दिसला. कापसाच्या काडीने पुसला, परत काढला. चौथ्यांदा डावा किंचित वर गेला, पण तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि सकाळी सातची पाळी होती.

ब्रशने रंगवायचं म्हणजे 'हात' मोजायचे. पाण्यातला ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून घ्यायचा. पहिला हात बघवत नाही, खालचं अस्तर ठिकठिकाणी दिसतं, वाटतं बिघडलंच सगळं. नवखी माणसं इथेच रंग जाड करतात आणि फसतात. पहिला पुरता वाळू द्यायचा, मग दुसरा त्याच्या आडवा. तिसऱ्या हाताला कुठे रंग धरायला लागतो. घाईने ओल्यावर ब्रश फिरवला तर खालचाही सोलून येतो. पिवळा सगळ्यात द्वाड, राखाडी अस्तरावर तर तो हिरवट पडतो. त्याच्याखाली आधी पांढरा नाहीतर फिकट गुलाबी द्यावा लागतो. गणपतीलाही अंगाच्या रंगाआधी पांढरा हात देतातच की.

एअरब्रशशी माझं भांडण नाही. त्याने रंग एकसारखा, काचेसारखा बसतो. पण 'ब्रश म्हणजे ज्यांना एअरब्रश परवडत नाही त्यांची सोय' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. जपानीत ब्रशच्या रंगकामाला फुदेनुरी असा स्वतंत्र शब्द आहे. १९८२ मध्ये 'हॉबी जपान' मासिकात ज्यांची यंत्रमानवांची मालिका सुरू झाली ते शिल्पकार को योकोयामा ब्रशनेच रंगवतात, आणि ब्रशचे फटकारे दिसू देतात. कबुली एकच, शेवटचा मॅट वार्निशचा थर मी बाल्कनीत उभी राहून डब्यातूनच फवारला.

मे महिन्यातल्या शनिवारी पहाटे खोक्यात कापसाची गादी करून गुंडमला घेऊन निघाले. हमामात्सूहून शिझुओका साध्या गाडीने सव्वा तास. हे शहर जपानी प्लास्टिक मॉडेलांचं माहेर. तामिया कंपनी इथलीच, तिचा मूळ धंदा लाकडाचा. देवळांच्या बांधकामासाठी जुन्या काळी आलेले सुतार इथेच राहिले, त्यांच्या कारागिरीतून लाकडी खेळणी आली आणि त्यातून पुढे प्लास्टिक, असं इथले लोक सांगतात. शहरातली एक टपालपेटी आणि एक सार्वजनिक फोन तर मुद्दाम न जोडलेल्या किटसारखे मांडलेत, चौकटीतले सुटे भाग असावेत तसे. गुंडमच्या किटचा कारखानाही याच गावात. दर मे महिन्यात ट्विन मेस्से नावाच्या सभागृहात शिझुओका हॉबी शो भरतो. एकीकडे कंपन्यांचे मंडप, दुसरीकडे देशभरातल्या आणि परदेशातल्याही हौशी क्लबांचं एकत्र प्रदर्शन, तेही १९९० पासून. स्पर्धा नव्हे, प्रदर्शन. आमच्या क्लबात आठ माणसं, सहा निवृत्त.

प्रत्येक वस्तूपुढे एक छोटी चिठ्ठी असते. किट कुठलं, रंग कुठले, काय केलं. माझ्या चिठ्ठीवर शेवटी लिहिलं होतं, 'ढालीवर माझा अंगठा.' दुपारी एक आजोबा आले, सत्तरीच्या पुढचे. चष्म्यावर भिंगाचा दुसरा चष्मा चढवला आणि ढालीशी वाकले. विचारलं, "मुद्दाम?" म्हटलं, "नाही, घाई." ते हसले आणि मला हाताने खूण करून तीन रांगा पलीकडे त्यांच्या टेबलाशी घेऊन गेले. तिथे एक सुरेख विमान. पंखाच्या टोकाशी वार्निशखाली अडकलेला ब्रशचा केस. तो मला बोटाने दाखवून म्हणाले, "माझा हा." मग आम्ही अर्धा तास पिवळ्या रंगाबद्दल बोललो. दिवसभरात कुणी गुण द्यायला आलं नाही. 'कसं केलं?' हे मात्र निदान चाळीस जणांनी विचारलं.

रात्री काकांना व्हिडिओवर दाखवला. फोन नाकाशी धरून बघत म्हणाले, "डावा डोळा केसभर वर गेलाय गं. पिवळा बरा धरलायस." कारखान्यातही ते असंच बोलायचे. अमुक मूर्तीचा पहिला नंबर असं तिथे कधी नव्हतं. डोळा चुकला की सांगायचे, पुसायचे.

आणि आपल्याकडे बाहेर काय चालतं? रांगोळी मांडली, लाव स्पर्धा. आकाशकंदील केला, लाव स्पर्धा. मोदकांचीसुद्धा. तीन नंबर आणि एक उत्तेजनार्थ, ज्याने आजवर कुणालाही उत्तेजन आल्याचं मी पाहिलेलं नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी भाच्याच्या सोसायटीत किल्ला स्पर्धेला हजर होते. पहिला आला तो किल्ला बाहेरून करून आणलेला, आत दिवे, बुरुजावर फिरता झेंडा. पोरगं त्याच्याकडे बोट दाखवण्यापुरतंच शेजारी उभं. भाच्याने चार दिवस माती कालवून, हळीव पेरून हिरवळ उगवून राजगड केला होता. परीक्षकांनी त्याच्यापुढे काढलेला वेळ मी घड्याळात बघितला, दोन मिनिटंही नाही. हळीव कधी पेरलं, एवढंही कुणी विचारलं नाही.

स्पर्धेने दर्जा वाढतो, हे मला कुणी सांगायला नको, माझं पोटच दर्जावर चालतं. गुंडमच्या किटची जागतिक स्पर्धाही २०११ पासून होते आणि तिथलं काम पाहून मान खाली जाते. तिला माझी ना नाही. पण वर्षातला एखादा तरी मांडव असा हवा जिथे मांडणारा पंचावन्न वर्षांचा असला तरी 'हा काय पोरखेळ' असं कुणी म्हणणार नाही, आणि पाच वर्षांचा असला तरी त्याच्या वडिलांना कामाला जुंपावं लागणार नाही. नंबर आला की बघणारा फक्त पहिल्या तिघांकडे जातो, आणि करणारा चुका लपवायला शिकतो. मीही ढाल घासून काढलीच असती. आजोबांचा केस मग मला कधी दिसला नसता.

खर्च काहीच नाही. तेच टेबल, तेच अंगण, फक्त परीक्षकांच्या जागी एकेक चिठ्ठी.

गेल्या दिवाळीआधी बहिणीने सोसायटीत हे सुचवलं. कमिटीने कुरकुरत एका वर्षापुरतं मान्य केलं, बक्षिसांच्या पैशांत सगळ्यांना चहा-फराळ ठरला. किल्ले नेहमीपेक्षा चार जास्त झाले. त्यात एक तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा. बहिणीने सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. भाच्याची वहीच्या पानावर, पेन्सिलने होती: 'प्रतापगड. माती मागच्या बागेतली. पायऱ्या सोमवारी पडल्या, मंगळवारी परत पडल्या. आता आहेत त्या बुधवारच्या.'