गृहचर्चा : पिवळा दिवा

चालकापुढील डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला, कीं घरांत दोन पक्ष पडतात. ‘गाडी तर चालते आहे, कशाला काळजी?’ असें म्हणणारा एक, आणि ‘आतांच गॅरेजमध्यें न्या’ असें म्हणणारा दुसरा. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं हा प्रसंग आला. त्यांत द्रव्य गेलें तें गेलेंच. पण जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम हा दिवा काय सांगतो तें पाहूं. इंजिनाच्या कारभारावर देखरेख ठेवणारा एक लहानसा संगणक मोटारींत असतो. हवा किती आंत आली, जळून बाहेर पडणाऱ्या धुरांत ऑक्सिजन किती उरला, हें निरनिराळे सेन्सर त्याला कळवीत असतात, आणि त्या मानानें तो पेट्रोल देववितो. हिशेब जुळेनासा झाला, कीं तो एका सांकेतिक अंकाची नोंद करितो व दिवा लावितो. आमच्या मोटारीचा अंक होता पी ०१७१. त्याचा अर्थ, मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी, एवढाच.

गॅरेजवाल्यांनीं अंक वाचला आणि ऑक्सिजनचा सेन्सर बदलला. बिल झालें ९,४०० रुपयांचें. दिवा विझला, चौथ्या दिवशीं पुन्हां लागला. मग पुतण्यानें एक लहानसें यंत्र मोटारीला जोडून मोबाइलवरून तो अंकच पुसून टाकला. प्रगतिपुस्तकांतील लाल शेरा खोडल्यानें मुलगा उत्तीर्ण होत नाहीं, हें मीं जन्मभर पाहिलें आहे. दोन दिवसांनीं दिवा पुनश्च हजर झाला. आतां गॅरेजमधून निरोप आला, ‘पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर बदलावे लागतील, ३८,००० रुपये होतील.’ नातीच्या वसतिगृहाच्या फीसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम मोडावी कीं काय, अशा विचारांत चिरंजीव पडले. सूनबाईंनीं मात्र एकच प्रश्न विचारला, ‘अण्णा, पंपच बिघडला आहे, हें त्यांनीं कशावरून ठरविलें?’

या प्रश्नांत अर्धें न्यायशास्त्र आहे. धूर दिसल्यास अग्नीचें अनुमान करावें, हें तर्कसंग्रह वाचणारा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. जें चिन्ह साध्यावांचूनहि आढळतें, त्यावर निर्णय उभारतां येत नाहीं. पी ०१७१ हें त्याच जातीचें चिन्ह. पंप दुबळा झाला तरी तोच अंक येतो, इंजेक्टर तुंबले तरी तोच, हवा मोजणारा सेन्सर मळला तरी तोच, आणि हवेच्या नळीस भेग पडली तरीहि तोच! मग पंपच दोषी कसा?

चिरंजीवांनीं गॅरेजमध्यें नम्रपणें विचारलें, ‘पंपाचा दाब मोजला होता काय?’ मोजला नव्हता. तेव्हां मोटार एका वयस्क मिस्त्रीकडे नेली. त्यानें इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गांत यंत्रानें धूर सोडला. थोड्याच वेळांत एका रबरी नळीच्या खालून धुराची बारीक रेघ वर आली. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढें ती भेग होती. तेथून न मोजलेली हवा आंत शिरत होती. ऑक्सिजनचा सेन्सर खरें तेंच सांगत होता, आणि आम्हीं साक्षीदारालाच काढून टाकलें होतें! नळी व मजुरी मिळून २,१०० रुपये लागले. त्यानंतर आजतागायत दिवा लागलेला नाहीं.

पहिल्या गॅरेजवाल्यांस लबाड म्हणण्यास मी धजत नाहीं. भाग बदलणें सोपें असतें. कारण शोधण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे देण्यास आपण नाखूष असतों. तपासणीचे पांचशे रुपये आपणांस बोचतात, भागाचे नऊ हजार मात्र आपण मुकाट्यानें देतों. दोष थोडा आपलाहि आहे.

थोडक्यांत सांगावयाचें तें असें. पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरूं नये, पण आठवड्याच्या आंत मोटार दाखवावी. तो उघडझाप करूं लागला तर मोटार बाजूस घेऊन थांबवावी. त्या वेळीं पेट्रोल न जळतां बाहेर जात असतें, आणि त्यामुळें कॅटलिटिक कन्व्हर्टर हा महागडा भाग अतिशय तापून निकामी होऊं शकतो. तेलाचा तांबडा दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावें. अंक कागदावर लिहून घ्यावा. कोणती चाचणी केली तें विचारावें. काढलेला जुना भाग परत मागावा. आणि कारण सांपडण्यापूर्वीं अंक पुसूं नये.

नातीची फी वेळेवर भरली गेली. ‘कशावरून?’ हा सूनबाईंचा प्रश्न आमच्या घरांत आतां प्रत्येक मोठ्या बिलापूर्वीं विचारला जातो.