बाजार उठवून बाडा शोभत नाही

ग्वाल्हेरच्या लष्करात नवी दुकाने निघाली, गाद्या-तक्क्यांच्या जागी काचेची कपाटे आली, म्हणून अश्रू ढाळणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. बदलणे हा बाजाराचा धर्मच आहे. गिऱ्हाइकाची गरज बदलली की दुकानाची पाटी बदलते. जिच्यातील पाटी कधीच बदलत नाही, ती पेठ मेली असे खुशाल समजावे. परंतु गोरखीच्या दरवाजाबाहेर, महाराज बाड्यावर, जे वारंवार घडते ते या जातीचे नव्हे. तेथे दुकान बदलत नाही, दुकानदारालाच उठविले जाते. फेरीवाले हटविले जातात, पोटासाठी पुन्हा येतात, आणि पुन्हा हटविले जातात.

हे शहर कसे जन्मले, याचे स्मरण अधिकाऱ्यांना कोणी तरी करून दिले पाहिजे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या परिसरात फौजेचा तळ दिला. तो तळ उठलाच नाही. त्याचेच शहर झाले आणि नावही 'लष्कर'च राहिले. मराठी फौजेमागून बाजार चालत असे. पानिपतानंतर 'बाजारबुणगे' हा शब्द आपण शिवीसारखा वापरू लागलो. पण उघड्यावर पाल ठोकून दाणागोटा विकणाऱ्या त्याच माणसांवाचून तळाचे शहर होत नसते. 'चिटणीस की गोठ' या नावातील आपला 'गोट' आणि 'दाना ओली'तील आपली 'ओळ' मराठी कानाला आजही ऐकू येते. आधी पाल आले, मग ओळ लागली, आणि ज्यांच्या शोभेचा आज एवढा घोष चालतो त्या बाड्यावरील दगडी इमारती मागाहून आल्या.

स्मार्ट सिटी योजनेत ग्वाल्हेरची निवड २०१६ साली झाली, आणि योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. जुन्या इमारतींची डागडुजी झाली, याचा आम्हांला आनंदच आहे. व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली आगीत सापडले होते. त्याच वास्तूत डिसेंबर २०२४ मध्ये भूविज्ञान संग्रहालय उघडले. संग्रहालयाविषयी आमची तक्रार नाही. पण बाजाराच्या इमारतीत दगडांना सन्मानाची जागा मिळावी आणि तिच्यासमोरच्या जित्या विक्रेत्याने मात्र गाठोडे उचलावे, ही वारशाची कोणती व्याख्या?

'चालणाऱ्याला वाट नको काय?' असे विचारले जाते. वाट हवीच! म्हाताऱ्या माणसाला, कडेवर मूल घेतलेल्या बाईला आणि रुग्णवाहिकेला ती मिळालीच पाहिजे. मात्र ती केवळ टोपलीवाल्यानेच अडविली आहे काय? पायरीपुढे माल मांडणारा पक्का दुकानदार आणि रस्त्यातच मोटार उभी करणारा गिऱ्हाईक यांनाही तोच नियम, तितक्याच कडकपणे लागू करा. एकाला दंडुका आणि दुसऱ्याला नमस्कार, याला शिस्त म्हणत नाहीत.

कायदाही विक्रेत्याच्या बाजूने बोलतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यान्वये सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विद्यमान विक्रेत्याला हटविता येत नाही. नगर समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. आणि महत्त्वाचे हे की, ज्या बाजारात विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ धंदा करीत आले, तो वारसा-बाजार म्हणून घोषित व्हावा व तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये, असे त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे. तेव्हा आमची मागणी साधी आहे. बाड्यावरील उघड्या बाजाराचे वय किती, याची जाहीर चौकशी करा. निकाल लागेपर्यंत कोणाच्याही हातगाडीला हात लावू नका.

या चौकशीत लष्करातील मराठी घराण्यांनी स्वस्थ बसू नये. दसऱ्याला गोरखीच्या देवघरातील पूजेचा अभिमान बाळगणाऱ्यांना बाजाराचेही काही देणे लागते. आपल्या आजी-आजोबांनी बाड्यावर कोणत्या कोपऱ्यातून भाजी, फुले, बांगड्या घेतल्या, हे ज्यांना आठवते त्यांनी समितीपुढे जाऊन सांगावे, लिहून द्यावे. जुन्या घरातील एखादे छायाचित्रही पुराव्याला उपयोगी पडेल. इमारतींच्या वतीने बोलायला अभियंते आहेत, ठेकेदार आहेत. पालाच्या वतीने लष्करकरांनीच बोलले पाहिजे, आणि तेही पुढची मोहीम निघण्यापूर्वी!